नाटकाच्या वह्या टाइप करायला साधी खूणपद्धत : नियम ठरवायला मदत हवी

झाडीकडचा | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा लांब लिहितो आहे. गोष्ट तीन महिने डोक्यात घोळते आहे.

देसाईगंज-वडशाजवळच्या गावात आमचं छोटं वाचनालय आहे. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, धान निघालं की नाटकांचा हंगाम लागतो, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. रात्रभर चालणाऱ्या या नाटकांच्या हस्तलिखित वह्या घरोघरी पेट्यांत, माळ्यांवर पडून आहेत. काहींना वाळवी लागली. उरलेल्यांपैकी एकोणीस आम्ही जमवल्या. सोबत दंडारीची (इथल्या लोकनाट्याची) गाणी, भजनं आणि झाडीबोलीतल्या शब्दांची एक यादी आहे. हे सगळं साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवायचं आहे, म्हणजे वीस वर्षांनीही कुठल्याही यंत्रावर उघडेल. त्याच फाइलीतून वेबपान निघावं आणि प्रॉम्प्टरच्या हातातली छापील प्रतही निघावी.

टाइप करणारे पाच जण. कॉलेजातल्या तिघी फोनवर, मी लॅपटॉपवर आणि एक निवृत्त गुरुजी वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकानं. गुरुजींचा वेग आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

सुरुवात मार्कडाउननं केली, म्हणजे साध्या मजकुरातच तारा, रेघ अशा खुणा टाकून शीर्षक, यादी, ठळक अक्षर दाखवायच्या पद्धतीनं. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ते काढलं तेव्हा मुख्य आग्रह असा होता की खुणांसकट फाइल वाचली तरी ती डोळ्यांना खुपू नये. साध्या ई-मेलमध्ये लोक आधीपासून जे करत होते, त्यातूनच बऱ्याच खुणा घेतल्या. हे मला मनापासून पटतं. पण त्या सवयी इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या होत्या. आमच्या वहीत वेगळ्या सवयी आहेत, आणि तिथेच घोडं अडलं.

पहिली अडचण आकड्यांची. गुरुजींनी 'पात्रपरिचय' टाइप केला : १. पाटील, २. सावकार, ३. रखमा. यादी झालीच नाही, सगळं एका ओळीत आलं. शोधलं तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या नेमक्या नियमावलीत यादीचा आकडा म्हणजे फक्त रोमन कळफलकावरचे शून्य ते नऊ. आपले देवनागरी आकडे त्यात बसत नाहीत.

दुसरी ओळींची. मार्कडाउनमध्ये ओळ तोडायची तर शेवटी दोन स्पेस द्याव्या लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि पुष्कळ फोनांवर दोनदा स्पेस दाबली की टिंब उमटतं. दंडारीचं गाणं टाइप करणाऱ्या मुलीला हे सांगायचं तरी कसं?

तिसरी अडचण सगळ्यात जास्त छळते : प्रत्यय. आपण 'दंडारीला', 'बांधीत', 'सावकारानं' असं जोडून लिहितो. शब्दावर जोर द्यायचा आणि प्रत्यय बाहेर ठेवायचा, तर _बांधी_त असं होतं. इथे खूण बंदच होत नाही, अधोरेषा तशीच छापली जाते. दोन ताऱ्यांनी **बांधी**त चालतं. पण शब्द अवतरणात असला, म्हणजे **'दंडार'**ला असं लिहिलं, की तेही मोडतं.

म्हणून स्वतःची छोटी पद्धत करायला घेतली आहे. पहिल्या मसुद्यात मीच एक चूक केली. 'ओळीत उभी रेघ दिसली की तक्ता' असा नियम लिहिला. आमच्या भजनांच्या ओळींचा शेवट || १२ || असा होतो. सगळ्या भजनांचे तक्ते झाले.

तर विचारायचं हे : शीर्षक, संवाद, रंगसूचना, पद्य, यादी आणि जोर या सहा गोष्टींना कोणत्या खुणा द्याव्यात?


पारावरचा | शनिवार, रात्री १०:२५

भाऊ, म्या अकोल्याकडचा. आमच्याकडे नाटकं तुमच्याएवढी नाहीत, पण वह्या पाह्यल्या हायेत. मले एकच सांगा, त्या वहीत लिहिणाऱ्यानं काय खूण केली हाये? त्यानं शीर्षकाखाली रेघ मारली असंन. पात्राचं नाव डावीकडं काढून पुढं कायतरी ठेवलं असंन. ते पाहा अगोदर. त्याले कोनी शिकवलं नव्हतं, तरी वाचणाऱ्याले समजत होतं ना? मंग दुसरीकडून खुणा काहून आणता?


मात्रावेलांटी | शनिवार, रात्री ११:०५

प्रत्ययाच्या अडचणीचं कारण लिहिते, म्हणजे तुमचा नियम करताना ती चूक पुन्हा होणार नाही.

कॉमनमार्कमध्ये खूण उघडते की बंद होते, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांवरून ठरतं. बंद होणाऱ्या खुणेच्या आधी विरामचिन्ह असेल, तर नंतर जागा किंवा विरामचिन्हच लागतं. तुमच्या उदाहरणात आधी अवतरणचिन्ह आणि नंतर 'ल' आहे, म्हणून ती बंद होणारी खूण मानलीच जात नाही. अधोरेषेचा नियम याहून कडक आहे. प्रोग्रामर कोडमध्ये जी नावं देतात त्यांत मध्ये अधोरेषा असते, म्हणून दोन अक्षरांच्या मधली अधोरेषा खूण धरत नाहीत. इंग्रजीत शब्दानंतर जागा येते, त्यामुळे हे फारसं कुणाला खटकत नाही. जपानी-चिनी लिहिणारे मात्र याच नियमाबद्दल बरीच वर्षं तक्रार करताहेत. तिथे शब्दांमध्ये जागाच नसते.

तुम्ही असं करा : उघडणाऱ्या खुणेवर बंधन घाला, बंद होणारी मोकळी ठेवा. म्हणजे ताऱ्याच्या आधी जागा, ओळीची सुरुवात, कंस किंवा अवतरण असेल आणि नंतर लगेच अक्षर असेल, तरच तो उघडतो. मग त्याच ओळीत पुढचा तारा आला की बंद, त्याला काहीही चिकटलेलं असो. ओळीत जोडीदार सापडला नाही तर तारा ताराच राहतो. यात '५*४ फूट' सुरक्षित राहतं, 'अटी लागू'च्या आधीचा एकटा ताराही सुरक्षित.

पण एक पोटनियम हवाच. कुणी *घर*ाला असं लिहिलं, तर काना ताऱ्याला चिकटतो आणि पडद्यावर तुटक गोल दिसतो. आपलं सामान्यरूप मूळ शब्दालाच बदलतं, त्यामुळे हे होणारच. म्हणून बंद होणाऱ्या ताऱ्यानंतर मात्रा, अनुस्वार किंवा हलंत असेल, तर खूण मानायची नाही, टाइप करणाऱ्याला इशारा द्यायचा. युनिकोडमध्ये ही चिन्हं वेगळ्या वर्गात असतात, ओळखणं सोपं आहे.

आणि तिरपं अक्षर पद्धतीतून काढूनच टाका. देवनागरीत तिरपं म्हणजे बहुतेक वेळा उभं अक्षर ढकलून दिलेलं. शिरोरेषा असलेल्या लिपीला ते शोभत नाही. एकच जोर, ठळक, आणि त्याला एकच तारा. व्हॉट्सॲपमुळे ती सवय आता खेड्यापाड्यांतही आहे.


झाडीकडचा | रविवार, सकाळी ७:५०

मात्रावेलांटी ताई, हा नियम जसाच्या तसा उचलला. रात्री शेतात मोटर चालू करायला गेलो होतो, तिथेच बांधावर बसून फोनवर लिहून काढला.

पारावरच्या भाऊंचंही ऐकलं आणि पाच वह्या पुन्हा उघडल्या. खरंच, चार वह्यांत शीर्षकाखाली रेघ आहे. पात्राच्या नावापुढे दोन टिंबं आणि आडवी रेघ, म्हणजे आपण अर्जात 'प्रति :-' लिहितो तसं. रंगसूचना कंसात. गाण्याच्या ओळीला शेवटी एक दंड (उभी रेघ), कडव्याला दोन दंड आणि आकडा. सहापैकी चार उत्तरं वहीतच होती.


कोडवाला नागपूर | रविवार, सकाळी ९:१५

थोडा विरोध नोंदवतो. नवी पद्धत काढणं सोपं असतं, सांभाळणं अवघड. मार्कडाउनच्याच दहा-बारा बोली झाल्या. मूळ वर्णनात संदिग्ध जागा होत्या, प्रत्येक प्रोग्रामनं आपापला अर्थ लावला. त्याला आळा घालायला २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवूड आणि इतरांनी कॉमनमार्क आणलं, आणि तेवढ्यासाठी सहाशेहून जास्त उदाहरणं लिहावी लागली. पुढे मॅकफार्लेननाच जॉट नावाची वेगळी, सुटसुटीत भाषा करावीशी वाटली, २०२२ मध्ये. इतक्या अनुभवी माणसाला जे जड गेलं, ते पाच जणांच्या वाचनालयानं का अंगावर घ्यावं?

नाटकांसाठी फाउंटन नावाची तयार खूणपद्धत आहे. २०१२ पासून पटकथा लिहिणारे वापरतात. ते घ्या.


झाडीकडचा | रविवार, सकाळी ११:३०

कोडवाला सर, फाउंटन पाहिलं होतं. त्यात पात्राचं नाव ओळखायची खूण म्हणजे सगळी अक्षरं मोठ्या लिपीत. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाहीच. ज्यांच्या लिपीत तसं नाही त्यांच्यासाठी नावाआधी ॲटची खूण द्यायची सोय ठेवली आहे. म्हणजे त्यांची रीत ती मुख्य आणि आपली अपवादात. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी केली, तीत दोन शब्द मोठ्या अक्षरांनी जोडले की दुवा व्हायचा. तिथेही देवनागरीला वाव नव्हता. यात कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही, त्यांनी आपल्या हाताला जे सवयीचं होतं तेच घेतलं. मलाही तेच करायचं आहे, आमच्या हातासाठी.

सांभाळण्याचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून पद्धत जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवतो. दुव्यांना खूण नाही, पत्ता लिहिला की तोच दुवा. कोडचे तुकडे नाहीत. चार स्पेस आत सरकवून काही वेगळा अर्थ, हेही नाही. फोनवर स्पेस मोजत कोण बसणार. तक्तेही नाहीत.


टायपिंग सेंटर | रविवार, दुपारी २:१०

मी तालुक्याच्या ठिकाणी बावीस वर्षं टायपिंग शिकवतो. तुमच्या गुरुजींच्या कळफलकाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

इनस्क्रिप्ट १९८६ पासून सरकारी मानक आहे. त्यात शिफ्ट धरून ३ दाबला की '्र' येतो, इंग्रजीत तिथे हॅशची खूण असते. ८ वर 'श्र', म्हणजे तारा गेला. चौकोनी कंसांच्या जागी 'ड' आणि नुक्ता. उभ्या रेघेच्या जागी 'ऑ'. उलट्या अवतरणाची जागाही स्वरानं घेतलेली. अधोरेषेच्या जागी विसर्ग. गुरुजींना मार्कडाउनची जवळजवळ प्रत्येक खूण काढायला आधी इंग्रजीत जावं लागत असणार, मग परत मराठीत. त्यांचा वेग कशानं मरतो ते यावरून समजा.

सहज हाताशी काय उरतं? आडवी रेघ, स्वल्पविराम, टिंब, गोल कंस आणि शिफ्टसह टिंबाच्या कळीवर दंड. बस्स.

दुसरं. कोलनच्या जागी 'छ' आहे. म्हणून इनस्क्रिप्टवाली माणसं कोलनऐवजी विसर्ग टाकतात. 'टीपः', 'विषयः', 'दिनांकः'. वर्षानुवर्षं पाहतो आहे. तुमचा नियम कोलनवर उभा असेल, तर गुरुजींच्या फाइलीत तो लागणारच नाही.

जुन्या फाइली कृतिदेवसारख्या फाँटात असतील, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच खुणांचं बघा. त्या फाइलीत आत रोमन चिन्हंच असतात, फाँट काढला की कोणतं चिन्ह अक्षराचं आणि कोणतं खुणेचं हे कळायला मार्ग नाही.


मात्रावेलांटी | रविवार, दुपारी ३:००

टायपिंग सेंटर सर, किती मोलाचं सांगितलंत!

पण विसर्गाला सरसकट कोलन मानणं धोक्याचं आहे. 'विशेषतः', 'स्वतः', 'अंततः', 'बहुशः' हे शब्द विसर्गावरच संपतात. 'स्वतः पाटील पुढे येतो' अशी ओळ सुरू झाली की 'स्वत' नावाचं पात्र तयार होईल.


टायपिंग सेंटर | रविवार, दुपारी ३:२०

ताई, पण त्यांच्या वहीत नुसता कोलन नाहीच ना. कोलन आणि रेघ आहे, ':-' असं. इनस्क्रिप्टवाला ते 'ः-' असं टाइप करेल. 'स्वतः' नंतर रेघ कोण लावतं?

आणि गंमत अशी, विसर्ग आणि रेघ एकाच कळीवर आहेत. शिफ्ट धरून एकदा, सोडून एकदा. बोट हलवायचंही काम नाही.


झाडीकडचा | रविवार, दुपारी ३:४५

सर, हे वाचून उठून उभा राहिलो. लगेच वाचनालयात जाऊन गुरुजींकडून पंधरा संवाद टाइप करून घेतले. त्यांनी न सांगता 'पाटीलः-' असंच लिहिलं. मी काही बोललोच नव्हतो.

तर नियम असा : ओळीच्या सुरुवातीला जास्तीत जास्त चार शब्द, मग ':-' किंवा 'ः-', आधी जागा असो-नसो. त्याच्या आधीचा भाग लेबल, नंतरचा मजकूर. आतमध्ये दोन्ही एकच मानायचं, छापताना ':-'.

पाटील :- (रागानं) सातबारा कोणाच्या नावावर आहे ते आधी सांग!
रखमाः- (खाली बघत) तो कागद तुमच्याच पेटीत आहे, मालक.

लेबलानंतर लगेच आलेला कंस म्हणजे रंगसूचना, तसाच पूर्ण ओळ व्यापणारा कंस. बाकी कंस साधे कंस. शब्दांच्या यादीलाही तीच खूण चालते : 'बांधी :- धानासाठी बांध घातलेलं शेत'. पार्सरला, म्हणजे खुणा वाचणाऱ्या प्रोग्रामला, नाटक आणि शब्दकोश यांत फरक करायची गरजच नाही, लेबल आणि मजकूर एवढंच त्यानं ओळखायचं. 'प्रवेश :- दुसरा' हेही त्यातच बसतं, म्हणजे शीर्षकाची दुसरी पातळी लागत नाही.


कोडवाला नागपूर | रविवार, सायंकाळी ६:४०

ठीक, विरोध मागे घेतो. आता कामाचं बोलतो.

शीर्षकाखाली रेघ ही कल्पना जुनी आहे. १९९२ च्या सुमारास सेटेक्स्ट नावाच्या खूणपद्धतीत होती, तिथून मार्कडाउनमध्ये आली. पण कॉमनमार्कमध्ये परिच्छेदाला लागून खाली रेघ आली, तर अख्खा परिच्छेद शीर्षक होतो. तुम्ही अट घाला : वर मोकळी ओळ, मग एकच ओळ मजकूर, मग तीन किंवा जास्त रेघा. नाहीतर ती नुसती आडवी रेघ.

यादीसाठी : देवनागरी किंवा इंग्रजी आकडे, जास्तीत जास्त तीन, मग टिंब किंवा बंद कंस, मग जागा. जागेची अट असल्यामुळे '७.५ एचपीची मोटर' वाचते, '७/१२' तर वाचतोच. तीन आकड्यांच्या अटीनं '१९६०. त्या साली दुष्काळ' असं वाक्य वाचतं. लिहिणाऱ्यानं दिलेला आकडा तसाच ठेवा, मार्कडाउनसारखा नव्यानं मोजू नका. जुन्या वहीत 'वरील ४ प्रमाणे' असा उल्लेख असतो, तो चुकेल.

कोडमध्ये एक काळजी. पायथन भाषेतल्या साध्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीत) शब्द ओळखायची जी खूण आहे, ती मात्रांना अक्षर मानत नाही. 'किंमत' पहिल्याच वेलांटीवर तुटतं. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त रोमन अक्षरं ओळखते. तिथे युनिकोडचे वर्ग वापरा, अक्षर आणि जोडचिन्ह दोन्ही घ्या.

आणि सुटकेची खूण, म्हणजे 'इथे नियम लावू नका' असं सांगणारी? उलटी तिरकी रेघ गुरुजींना मिळणार नाही.


झाडीकडचा | रविवार, रात्री ८:१०

ओळीच्या सुरुवातीला टिंब ठेवलं तर? टिंबानं सुरू होणारी ओळ जशीच्या तशी छापायची, टिंब गाळून. टिंब इनस्क्रिप्टवर आहे, फोनवरही आहे, आणि मराठीत कुठलंच वाक्य टिंबानं सुरू होत नाही.


कोडवाला नागपूर | रविवार, रात्री ८:३०

उत्तम. जेरोम साल्टझर यांनी १९६४ मध्ये रनऑफ हा मजकूर मांडणारा प्रोग्राम लिहिला तेव्हा आज्ञेची ओळ टिंबानंच सुरू व्हायची. मजकूर जिथे कधी येत नाही अशी जागा शोधायची, तिथे खूण ठेवायची. फक्त टिंबानंतर दुसरं टिंब असेल तर नियम लावू नका, संवाद तुटल्यावर लोक '...' नं ओळ सुरू करतात.


मात्रावेलांटी | रविवार, रात्री ९:००

पद्याबद्दल : दंडासाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हं आहेत, एकेरी आणि दुहेरी. फोनवाल्या मुली उभी रेघच टाकणार. ओळीच्या शेवटी आलेल्या रेघेला दंड माना, छापताना खरा दंड लावा. मूळ फाइल बदलू नका. शेवटी दंड असलेल्या लागोपाठच्या ओळी म्हणजे एक कडवं. आणि सगळीकडेच ओळ तोडली की ओळ तुटली, दोन स्पेसची भानगड नको.

अजून एक, कळकळीनं सांगते. फाइल 'स्वच्छ' करताना अदृश्य जोडचिन्हं काढून टाकायची सवय बऱ्याच प्रोग्रामांना असते. 'वऱ्हाड'मधला अर्धा ऱ दोन पद्धतींनी टाइप होतो. त्यातल्या एकीत ते अदृश्य चिन्ह असतं, ते काढलं की 'वर्हाड' होतं. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, डोंगरातून थेट समुद्रात! शोधताना दोन्ही रूपं एक माना, पण मजकुराला हात लावू नका.


पारावरचा | रविवार, रात्री ९:२०

वाचून राहिलो सगळं. एक सांगतो, हे नियम गुरुजीले आन त्या पोरींले एका पानावर मावले पाह्यजेत. नाही मावले तं जास्त झाले समजा.


झाडीकडचा | पुढचा शनिवार, रात्री १०:३०

आठवड्याचा हिशेब सांगतो. नियम सात झाले, एका पानावर मावले, ते पान वाचनालयाच्या भिंतीवर लावलं. नियम शब्दांत लिहिण्याआधी उदाहरणं लिहिली : डावीकडे वहीतली ओळ, उजवीकडे ती कशी छापली जावी. चाळीस झाली. कोडमध्ये काहीही बदललं की चाळीसही पुन्हा तपासली जातात. प्रत्येक ओळ खऱ्या वहीतली आहे, मनानं रचलेली एकही नाही.

तीन वह्या पूर्ण झाल्या. गुरुजींनी त्यातली एक एकट्यानं टाइप केली, आणि पूर्ण वहीत इंग्रजी कळफलकावर एकदाही गेले नाहीत. त्यांना ठळक करायची गरजच पडली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जोर नटाच्या गळ्यात असतो, कागदावर कशाला?"

आज मात्र एक ओळ अडली. सावकाराच्या तोंडी असं आहे :

सावकार :- ऐक, चिठ्ठीत काय लिहिलंय ते.
रक्कम :- पाचशे. मुदत :- होळीपर्यंत.

दुसरी ओळ चिठ्ठीतली आहे, पण पार्सरला 'रक्कम' हे पात्र वाटलं. टिंब लावून सुटका होते खरी, पण गुरुजींना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पात्रपरिचयाची यादी वहीच्या पहिल्या पानावर असतेच, तिच्यात जे नाव नाही ते पात्र नाही. मला हे आवडलं आहे, पण मग एका ओळीचा अर्थ लावायला पहिलं पान बघावं लागेल. शिवाय 'सगळे :-' आणि 'आतून आवाज :-' ही यादीत कधीच नसतात.

तोवर ही ओळ एकेचाळिसावं उदाहरण म्हणून ठेवली आहे, उजवी बाजू कोरी. काय लिहू तिथे?


मात्रावेलांटी | पुढचा शनिवार, रात्री ११:१५

आज टिंब लावा आणि पार्सरला इशारा द्यायला सांगा : 'रक्कम' हे लेबल पात्रपरिचयात नाही, एकदा बघून घ्या. अर्थ ओळीवरूनच ठरू दे, यादीचा उपयोग फक्त शंका काढायला. 'सगळे' आणि 'आतून आवाज' गुरुजी एकदा बघतील आणि पुढे जातील.


झाडीकडचा | पुढचा शनिवार, रात्री ११:२५

हे गुरुजींना उद्या सकाळी दाखवतो. चौथी वही उघडली आहे, तिच्यात पात्रांची नावं उजवीकडे लिहिली आहेत. फोटो टाकतो, बघा.